इस्रोला चंद्रावर धाडण्याआधी

चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले तो दिवस २३ ऑगस्ट २०२३. तेव्हापासून इस्रोचे कौतुक करता करता तिला एका जुन्या कामातून मोकळे करायला निघालेल्यांची संख्या वाढली आहे. त्यांचे म्हणणे ऐकायला गोड आहे. सरकारी अंतराळसंस्थेने चंद्र, मंगळ, सूर्य पाहावेत. दूरचित्रवाणीचे उपग्रह, ट्रान्सपॉन्डरची भाडी, डीटीएचचे ग्राहक हा सगळा धंदा आहे, तो धंदेवाल्यांनी करावा. सरकारने या व्यवहारात हात घातला तेव्हा तेव्हा खोळंबाच झाला आणि जे काही उभे राहिले ते सरकारला वळसा घालूनच, असा या मताचा पाया.

यातले अर्धे खरे आहे. म्हणूनच उरलेल्या अर्ध्याचा समाचार घ्यायला हवा.

या मंडळींचा हुकमी पुरावा १९९१ सालचा. आखाती युद्ध सीएनएनवर थेट दिसू लागले, मोठ्या हॉटेलांच्या गच्चीवर डिश आल्या, मग गल्लीतल्या केबलवाल्याने आपली डिश लावली आणि घरोघरी वायर ओढली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी आले. दूरदर्शनची मक्तेदारी सरकारचा एक पैसा खर्च न होता मोडली. सरकार झोपले होते आणि बाजार आकाशातून उतरला, अशी ही कथा आहे. स्टार आणि झी या दोघांनाही भारताच्या माथ्यावर आणणारा उपग्रह होता एशियासॅट-१. कथा सांगणारे त्याचे नाव घेतात, त्याचे चरित्र मात्र सांगत नाहीत. ते सांगण्यासारखे आहे.

हा उपग्रह बनला तेव्हा त्याचे नाव वेस्टार-६ होते आणि मालक होती वेस्टर्न युनियन ही अमेरिकेतली जुनी तार कंपनी. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर शटलमधून तो सोडला गेला. पण त्याला वरच्या कक्षेत ढकलणारी मोटर मध्येच विझली आणि उपग्रह भलत्याच, खालच्या कक्षेत अडकला. त्याच फेरीत इंडोनेशियाच्या पालापा-बी२ची तीच गत झाली. विमा कंपन्यांनी भरपाई दिली आणि फिरत राहिलेले दोन निरुपयोगी उपग्रह त्यांच्या गळ्यात पडले. नोव्हेंबर १९८४ मध्ये नासाचे डिस्कव्हरी शटल ते आणायला गेले. जो ॲलन आणि डेल गार्डनर हे अंतराळवीर यानाबाहेर पडले, त्यांनी दोन्ही उपग्रह धरून मालकक्षात ठेवले आणि शटल त्यांना घेऊन पृथ्वीवर परतले. काम झाल्यावर गार्डनर यांनी ‘विकणे आहे’ अशी पाटी हातात धरून फोटोही काढून घेतला. विमा कंपन्यांनी या कामाचे पैसे मोजले हे खरे. पण पैसे मोजून घ्यायची ती सेवा त्या वेळी साऱ्या जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हतीच.

परत आणलेला वेस्टार-६ डागडुजी होऊन एशियासॅट-१ या नावाने पुन्हा वर गेला. तारीख ७ एप्रिल १९९०, तळ चीनमधला शिचांग, रॉकेट चीन सरकारचे लाँग मार्च-३. एशियासॅट कंपनीच्या तीन भागीदारांपैकी एक, सिटिक, चिनी सरकारचीच कंपनी. थोडक्यात, भारतातल्या ‘सरकारमुक्त’ दूरचित्रवाणीचे पहिले वाहन एका सरकारी संस्थेने अवकाशातून उचलून आणले होते, दुसऱ्या सरकारच्या रॉकेटने वर नेले होते आणि त्यात त्याच सरकारचे भांडवलही होते. आयत्या बिळावर नागोबा व्हायला हरकत नाही. बीळ आपणच खणले असे मात्र त्याने सांगू नये.

हे एकच उदाहरण म्हणून सोडून द्यावे, तर युरोपात तीच गोष्ट आहे. एप्रिल १९८२ मध्ये सॅटेलाइट टेलिव्हिजन नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीने युरोपातल्या केबलजाळ्यांसाठी कार्यक्रम पाठवायला सुरुवात केली. तिने वापरलेला ओटीएस हा युरोपीय अंतराळसंस्थेचा चाचणी उपग्रह होता. पुढच्या वर्षी रुपर्ट मर्डॉक यांनी ही कंपनी घेतली, तिचे स्काय चॅनेल झाले, आणि त्या साम्राज्याने १९९३ मध्ये स्टारचे बहुसंख्य भाग विकत घेतले. स्कायला १९८९ मध्ये घराघरात नेणारा ॲस्ट्रा उपग्रह खासगी होता. तो ज्यावर बसून गेला ते एरियन रॉकेट मात्र युरोपातल्या करदात्यांच्या पैशातून घडले होते. एरियनचा हट्ट धरण्यामागे एक अपमानही होता. फ्रान्स आणि जर्मनीचा सिंफनी हा दळणवळण उपग्रह अमेरिकेने १९७४ मध्ये सोडून दिला तो व्यापारी वापर करायचा नाही या अटीवर. बाजार खुला असतो असे समजणाऱ्यांनी ही अट एकदा वाचावी. जगातल्या सर्वांत बाजारप्रेमी देशाने आकाशाचा बाजार स्वतःसाठी राखून ठेवला होता, आणि तो उघडायला युरोपातल्या सरकारांना स्वतःचे रॉकेट बांधावे लागले.

आता भारत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोहोचली. हाच साइटचा प्रयोग. विक्रम साराभाई यांनी त्याचा करार १९६९ मध्ये घडवून आणला. प्रयोग पाहायला ते उरले नाहीत. यशपाल यांच्याकडे अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राची सूत्रे होती आणि साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस. खेड्यात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या. शहरांत त्या वेळी दूरचित्रवाणी नुकतीच रांगत होती; मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. बहुतेक शहरांआधी खेडे, हा क्रम कोणत्या जाहिरातदाराने निवडला असता?

वर्ष संपताच एटीएस-६ ठरल्याप्रमाणे अमेरिकेकडे सरकवला गेला. मग या प्रयोगाने काय साधले, असा टोमणा मारला जातो. उत्तर सरळ आहे. भाड्याचा उपग्रह मालकाच्या सोयीने जातो हे कळले आणि स्वतःचा उपग्रह हवा हे ठरले. १९७७ ते १९७९ सिंफनीवर चाचण्या झाल्या. जून १९८१ मध्ये एरियनच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणातून ॲपल हा इस्रोचा उपग्रह गेला. बैलगाडीवर ठेवलेल्या ॲपलचा तो फोटो अजून दारिद्र्याचा दाखला म्हणून छापतात. अँटेनाच्या चाचणीसाठी धातू नसलेले वाहन हवे होते, आणि बैलगाडी लाकडाची होती, इतकेच. असो.

पुढचा टप्पा धंद्याच्या भाषेत सांगायचा तर दिवाळखोरीचा होता. इन्सॅट-१ए अमेरिकेच्या फोर्ड एरोस्पेसने बनवला, १० एप्रिल १९८२ रोजी उडाला आणि सप्टेंबरात गेला; इंधन संपले, उपग्रह हाताबाहेर. राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी १५ ऑगस्टला सुरू झाला होता, रंगीत प्रक्षेपण आले होते, आशियाई खेळ तोंडावर होते. पहिल्याच मालावर असे पाणी पडल्यावर कोणत्या कंपनीने दुसरा उपग्रह मागवला असता? सरकारने तो आधीच मागवला होता. ३० ऑगस्ट १९८३ रोजी चॅलेंजरमधून इन्सॅट-१बी गेला आणि अपेक्षित आयुष्यभर चालला. त्याच्या जोरावर १९८४ मध्ये काही महिने देशात जवळजवळ रोज एक प्रक्षेपण केंद्र उभे राहत होते. १९९१ नंतर केबलवाल्याच्या वायरीला जो रंगीत टीव्ही संच मिळाला तो लोकांनी या काळात विकत घेतला होता. मालिका बघायची, जाहिरात बघायची, रविवारी सकाळी सगळे काम सोडून संचासमोर बसायची सवयही याच काळातली. खासगी वाहिन्यांना तयार प्रेक्षक मिळाला. ताळेबंदात त्याची नोंद कुठेच नाही.

इथवर वाचून सरकारचे कैवारी खूश झाले असतील तर त्यांनी थोडे थांबावे.

विरोधकांच्या म्हणण्याचा खरा भाग इथून सुरू होतो. झी आणि इतर वाहिन्यांचे कार्यक्रम भारतीय, प्रेक्षक भारतीय, जाहिराती भारतीय; तरी ते वर पाठवायचे परदेशातून, कारण देशातून अपलिंकला परवानगी नव्हती. खासगी वाहिन्यांना ती मोकळेपणी मिळायला २००० साल उजाडले. मर्डॉक यांची डीटीएच सेवा येऊ घातली तेव्हा जुलै १९९७ मध्ये सरकारने अधिसूचना काढून केयू-बँडवरची घरगुती छत्रीच बेकायदा ठरवली. बंदी उठली नोव्हेंबर २००० मध्ये, पहिली खासगी डीटीएच सेवा सुरू झाली २००३ मध्ये. सहा वर्षे अशीच गेली. पण हे केले कोणी? अहमदाबाद-बंगळुरूच्या अभियंत्यांनी नव्हे. ही दिल्लीतल्या मंत्रालयांची करणी. नभोवाणी खात्याला आकाशातून येणारे सगळे संशयास्पद वाटत होते, आणि त्यात पक्षभेद नव्हता.

न्यायालयाने हा भेद बरोबर ओळखला होता. १९९३च्या हीरो चषक क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांनी रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्यावर सरकारची मक्तेदारी नको, तशीच धनिकांचीही नको. नियंत्रण स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेकडे असावे, असे ते तत्त्व होते. आजच्या वादात सरकारचे कैवारी निकालाचा दुसरा भाग वाचतात, बाजाराचे कैवारी पहिला. यंत्रणेचे वाक्य दोघेही गाळतात.

डीटीएच आल्यावर अंतराळ विभागाचीही कसोटी लागली, आणि तो तीत उतरला नाही हे मान्य केलेच पाहिजे. दूरदर्शनची स्वतःची डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली ती एनएसएस-६ या परदेशी उपग्रहावर. देशाची सरकारी वाहिनी, देशाची सरकारी अंतराळसंस्था, आणि मध्ये भाड्याचा परका उपग्रह! पुढेही गाडी रुळावर आली नाही. जुलै २००६ मध्ये डीटीएचसाठी बनवलेला इन्सॅट-४सी घेऊन निघालेले जीएसएलव्ही उड्डाणानंतर लगेच कोसळले. २०१० मध्ये जीएसएलव्ही दोनदा अपयशी ठरले, त्यातल्या डिसेंबरच्या उड्डाणात जीसॅट-५पी गेला. ट्रान्सपॉन्डर कमी पडले, ग्राहक वाढत होते, कंपन्या परदेशी उपग्रहांकडे वळल्या. या दुबळेपणाची मुळे १९९२-९३ मध्ये सापडतात. तेव्हा क्रायोजेनिक तंत्रज्ञान देण्याचा रशियाचा करार अमेरिकेच्या दबावाने फिस्कटला आणि स्वदेशी इंजिनाचे पहिले यशस्वी उड्डाण जानेवारी २०१४ पर्यंत लांबले. तेव्हा अडथळा आणणाराही बाजार नव्हता, एक सरकारच होते.

रॉकेट पडले यात कुणाची लबाडी नाही. लबाडीचा वास येतो तो वाटपाच्या खोलीतून. परदेशी उपग्रहाची क्षमता हवी तर डीटीएच कंपनीने ती थेट घ्यायची नाही; अंतराळ विभागाच्या ॲन्ट्रिक्स या व्यापारी कंपनीने ती घ्यायची आणि पुढे भाड्याने द्यायची, अशी रीत होती. स्वतःचा माल अपुरा असलेल्या दुकानदारालाच परक्या मालावर दलाली! महालेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये डीटीएचसाठीच्या उपग्रहक्षमतेवर वेगळा अहवालच दिला. विभागाने वेळेत क्षमता उभी केली नाही, एका कंपनीला झुकते माप दिले आणि त्यातून परदेशी उपग्रहांचे फावले, असा त्याचा मथितार्थ. देवास प्रकरण तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. ॲन्ट्रिक्सने जानेवारी २००५ मध्ये देवास या कंपनीशी एस-बँडचा करार केला, सरकारने फेब्रुवारी २०११ मध्ये तो मोडला, २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने ५६ कोटी २५ लाख डॉलरची भरपाई लावली, आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवास कंपनी फसवणुकीच्या कारणावरून गुंडाळण्यावर शिक्कामोर्तब केले. या सगळ्यात उपग्रह बनवणारे, विकणारे आणि कोणाला विकायचा ते ठरवणारे एकाच विभागाचे लोक होते.

रोग हा आहे. विरोधकांचे औषध मात्र भलतेच. ते म्हणतात, बनवणाऱ्याला चंद्रावर पाठवा. म्हणजे जोखीम घेणारा जाईल आणि फाटकावर बसलेला तिथेच राहील.

हे औषध अमेरिकेने घेऊन पाहिले आहे. १९७३ च्या सुरुवातीला पैशांच्या ओढाताणीत नासाने दळणवळण उपग्रहांवरचे संशोधन आवरते घेतले. युक्तिवाद अगदी आजचाच होता: उद्योग आता पायावर उभा आहे, तो पुढचे बघेल. उद्योगाने जे विकले जात होते तेच पुढे विकले. नवा बँड, नवे तंत्र यांवर दहा वर्षांनी मिळणाऱ्या नफ्यासाठी आज पैसे लावायला कोणी पुढे आले नाही. दशक सरता सरता जपान आणि युरोप पुढे निघाल्याचे दिसले तेव्हा नासा पुन्हा या कामात उतरली. त्यातून १९९३ मध्ये गेलेला एसीटीएस हा उपग्रह का-बँड, अरुंद झोत आणि उपग्रहातच होणारे स्विचिंग यांची पहिली मोठी परीक्षा ठरला. आज उपग्रहावरून इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांचा सगळा खेळ या गोष्टींवर उभा आहे.

जपानची हकीकत याहून बोचरी आहे. तिथल्या अंतराळसंस्थेने १९७८ पासून थेट प्रक्षेपणाचे उपग्रह उडवले, एनएचके त्यांवरून घराघरात गेली. १९९० मध्ये अमेरिकेने व्यापारी कारवाईची धमकी देऊन जपानला सरकारी उपग्रहांची खरेदी जागतिक निविदेने करायला लावले. संशोधनाचे उपग्रह तेवढे वगळले. जपानी कारखाने अजून तेवढे तयार नव्हते. १९९७ मध्ये जपानच्या प्रक्षेपणासाठी गेलेला बीसॅट-१ए अमेरिकेच्या ह्यूजने बनवलेला होता. जपानी कंपनीला जपानी बनावटीचा व्यापारी दळणवळण उपग्रह उभा करायला २००८ साल उजाडले.

स्पेसएक्सचे नाव निघाल्याशिवाय हा वाद पुरा होत नाही. त्या कंपनीची कर्तबगारी निर्विवाद आहे. पण डिसेंबर २००८ मध्ये, फाल्कन-१ लागोपाठ तीनदा पडून चौथ्यांदा कसेबसे कक्षेत पोहोचल्यावर, तिच्या हाती १२ फेऱ्यांचे १६० कोटी डॉलरचे कंत्राट ठेवले ते नासाने. गिऱ्हाईक म्हणून सरकारी संस्था इतकी मोठी पैज लावते तेव्हा ‘बाजार’ हा शब्द जरा जपून वापरावा.

भारतात २०१९ पासून मांडणी बदलली आहे आणि ती बऱ्याच अंशी योग्य दिशेने. न्यूस्पेस इंडिया ही नवी व्यापारी कंपनी निघाली, २०२० मध्ये परवानग्यांसाठी इन-स्पेसची घोषणा झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आले. जून २०२२ मध्ये गेलेला जीसॅट-२४ आधी गिऱ्हाईक ठरवून मग बनवला. त्याची सगळी क्षमता टाटा प्लेने घेतली. उपग्रह इस्रोने बांधला, पैसा न्यूस्पेस इंडियाने घातला, भाडे डीटीएच कंपनी देते. यात वावगे काही नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही. कारखाना, दुकान आणि परवाना देणारी खिडकी तिन्ही अजून अंतराळ विभागाच्याच छपराखाली आहेत, आणि २०२३ चे धोरण हे धोरण आहे, कायदा नव्हे. न्या. सावंतांनी सांगितलेली स्वायत्त यंत्रणा ती हीच, असे म्हणायचे धाडस कोणी करू नये. ज्यांना खरोखर सुधारणा हवी त्यांनी खिडकी त्या छपराखालून बाहेर काढायची मागणी लावून धरावी. ती मागणी कमी ऐकू येते. कारखाना बंद करा, ही जास्त.

कारखाना बंद झाला तर कोणाचे बिघडेल, हे दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या डीटीएच सेवेकडे पाहून कळते. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचे भाडे नाही. अंदाजे चार कोटींहून अधिक घरे आज याच सेवेवर आहेत. शेतमजुरांची, ऊसतोडणीच्या गावांतली, केबलची वायर न पोहोचलेल्या वाड्यांवरची घरे यात आहेत. सह्याद्री वाहिनी तिथे अशीच दिसते. खासगी वाहिन्या लिलावात बोली लावून या सेवेवर जागा घेतात, म्हणजे हा काही धर्मादाय तोट्याचा दवाखाना नाही. पण १ एप्रिल २०२२ पासून चार मोठ्या प्रसारण समूहांनी आपल्या लोकप्रिय हिंदी मनोरंजन वाहिन्या इथून काढून घेतल्या, कारण फुकटच्या छत्रीमुळे पैसे देणारा ग्राहक गळत होता. त्यांच्या दृष्टीने निर्णय बरोबरच होता. सेवा टिकली, कारण तिच्या खालचा उपग्रह त्यांचा नव्हता.

तो उपग्रह म्हणजे जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये गेला, नियोजित आयुष्य १२ वर्षे. म्हणजे २०२७ अखेरपर्यंत त्याच्या जागी दुसरा यायला हवा, आणि भाडे न भरणाऱ्या ग्राहकांसाठी आधी गिऱ्हाईक ठरवून उपग्रह बनवण्याची रीत कामी येत नाही. इस्रोला या कामातून मोकळे करा म्हणणाऱ्यांनी तो दुसरा उपग्रह कोण पाठवणार आणि त्या चार कोटी घरांकडून महिन्याला किती रुपये घेणार, एवढा आकडा आपल्या पुढच्या लेखात छापावा.